पिढ्यांचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ : प्रा. जे. बी. एस. हॉल्डेन

तेव्हाच्या ओरिसा राज्याची राजधानी भुवनेश्वर येथे १ डिसेंबर १९६४ रोजी एका बहात्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाचे निधन झाले. जन्म इंग्लंडातला, पण मृत्युसमयी ते भारताचे नागरिक होते. त्यांचा पोशाख भारतीय होता आणि आहार शाकाहारी. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दहनासाठी किंवा दफनासाठी न नेता आंध्रातील काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. हे गृहस्थ म्हणजे प्रा. जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन. माणसांच्या, पाखरांच्या किंवा वनस्पतींच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या जो पालट होत जातो तो आकड्यांत मांडता येतो, हे ज्या तिघांनी जगाला दाखवून दिले त्यांपैकी ते एक. दुसरे दोघे म्हणजे इंग्लंडचे रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेचे स्यूअल राइट.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना या चरित्राविषयी दोन कारणांनी जिव्हाळा वाटावा. पहिले कारण असे की, हॉल्डेन यांनीही उतारवयात आपला मुलूख सोडून दूर देशी घर केले आणि त्या देशाला आपले मानले. दुसरे कारण अधिक खोल आहे. मोठ्या समाजातून एखादा लहान समूह फुटून दूर जातो, तेथील हवापाण्यात रुजतो आणि बहुधा आपापसांतच सोयरीक करीत राहतो. अशा समूहाच्या आनुवंशिक ठेवीत काय घडते, हा प्रश्न हॉल्डेन यांच्या शास्त्राच्या गाभ्याशी आहे.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूंपासून मजुरांचे प्राण कसे वाचवावेत याचा त्यांनी ध्यास घेतला होता. ते मुलालाही खाणीत घेऊन जात. एकदा त्यांनी त्याला एका बुटक्या भुयारात उभे राहून शेक्सपियरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पायांतील बळ गेले आणि तो खाली कोसळला. खाली हवा स्वच्छ असल्याने तो लगेच सावरला. खाणीतला ज्वालाग्राही वायू हलका असल्यामुळे छताशी साठतो, हा धडा त्याला असा मिळाला. शास्त्रातील गोष्ट स्वतःच्या देहावर पारखून घ्यावी ही वृत्ती तेव्हापासून त्यांच्या अंगी भिनली आणि पुढे आयुष्यभर टिकली.

१९०१ साली, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांनी वडिलांबरोबर मेंडेल यांच्या संशोधनावरील एक व्याख्यान ऐकले. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या या धर्मोपदेशकाचे काम पस्तीस वर्षे अंधारात पडून १९०० साली पुन्हा उजेडात आले होते. आईबापांचे गुण मुलांत दूध-पाण्यासारखे मिसळत नाहीत. ते अखंड कणांच्या रूपाने पुढे जातात, एखाद्या पिढीत दडून बसतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होतात, हे त्या संशोधनाचे सार. या कणांना पुढे जनुके म्हणू लागले. लहानग्या हॉल्डेन यांनी धाकटी बहीण नेओमी हिच्यासह घरी गिनीपिग पाळून या नियमांचा पडताळा घ्यायला सुरुवात केली. नेओमी पुढे नेओमी मिचिसन या नावाने नामवंत कादंबरीकार झाल्या. उंदरांतील काही गुण जोडीनेच वारशाने येतात हे दाखवणारा या भावंडांचा आणि स्प्रंट या सहकाऱ्याचा निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्या वर्षी हॉल्डेन फ्रान्समधील खंदकांत लढत होते. स्प्रंट हे तर त्या महायुद्धात मारलेच गेले.

हॉल्डेन यांनी ऑक्सफर्डला पदवी घेतली ती गणित आणि ग्रीक-लॅटिन विद्या यांच्या अभ्यासावर. विज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. युद्धात ते मेसोपोटेमियात जखमी झाले आणि उपचारांसाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. सिमल्याच्या त्या वास्तव्यात या देशाविषयी जी ओढ निर्माण झाली तिला चाळीस वर्षांनी फळ यायचे होते. युद्धानंतर ते प्रथम ऑक्सफर्डला आणि १९२३ पासून केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. १९३३ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्या काळी जीवशास्त्रात मोठा वाद माजला होता. नैसर्गिक निवडीने जीवजाती पालटतात असे डार्विन यांनी १८५९ साली मांडले होते. पण मेंडेल यांचे नियम आणि डार्विन यांची निवड यांचा मेळ कसा घालावा, हे कोणाला उमगत नव्हते. निवडीचा लाभ अगदी थोडा असला तर त्याने काही घडेल का, आणि घडायला किती पिढ्या लागतील? हॉल्डेन यांनी १९२४ पासून दहा वर्षे एकामागून एक निबंध लिहून हा हिशेब मांडला.

त्यांनी घेतलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्लंडात ठिपक्यांचा एक फिकट पतंग आहे. झाडांच्या सालीवर बसला की तो सहसा दिसत नाही. १८४८ साली मँचेस्टरजवळ त्याचा काळा प्रकार प्रथम आढळला. गिरण्यांच्या धुराने झाडे काळवंडत गेली आणि एकोणिसावे शतक संपता संपता त्या भागातील जवळजवळ सर्वच पतंग काळे झाले. पन्नास वर्षांत, म्हणजे पन्नास पिढ्यांत, इतका पालट होण्यासाठी काळ्या पतंगाला किती लाभ मिळत असला पाहिजे? हॉल्डेन यांचे उत्तर असे की, फिकट पतंगाची दोन पिल्ले जगत असतील तर काळ्याची तीन जगली पाहिजेत. नैसर्गिक निवड इतकी प्रखर असू शकते यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास बसला. पुढे प्रत्यक्ष रानात केलेल्या प्रयोगांनी पक्षी चुकीच्या रंगाचे पतंग वेचून खातात हे सिद्ध झाले. १९५६ च्या कायद्यानंतर इंग्लंडातील हवा निवळू लागली आणि काळे पतंग पुन्हा विरळ झाले.

पण निवड म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही हॉल्डेन यांनीच दाखवले. १९२७ सालच्या त्यांच्या एका निबंधाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. समजा, एका जीवात अकस्मात बदल होऊन एक नवे, हितकारक जनुक उपजले आणि त्याचा लाभ शेकडा एक इतका आहे. तरीही ते जनुक टिकून समूहभर पसरण्याची शक्यता शेकडा दोनच भरते. शंभरांतली अठ्ठ्याण्णव अशी जनुके केवळ योगायोगाने, पहिल्या काही पिढ्यांतच नाहीशी होतात. गुण चांगला आहे एवढ्यावर तो टिकत नाही. त्याला दैवाचीही साथ लागते. समूह लहान असला तर या योगायोगाचा जोर आणखी वाढतो. एखादे कुटुंब निपुत्रिक राहिले किंवा एखाद्याला पुष्कळ मुले झाली, एवढ्यानेही लहान समूहाची आनुवंशिक ठेव पालटू शकते. स्यूअल राइट यांनी तर या गोष्टीला क्रमविकासात मोठेच स्थान दिले.

नवी जनुके उपजतात तरी किती वेगाने? याचे उत्तर हॉल्डेन यांनी १९३५ साली हिमोफिलिया या रोगावरून काढले. या रोगात रक्त गोठत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या वंशातून तो रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत गेला होता. स्त्रिया तो वाहून नेतात आणि मुलग्यांत तो प्रकट होतो. त्या काळी असे बहुतेक मुलगे संतती होण्याआधीच दगावत. मग रोगाचे जनुक दर पिढीला घटत जाऊन केव्हाच संपायला हवे होते. पण तसे झाले नाही. म्हणजे जितके जनुक मृत्यूने गळते तितकेच नव्या बदलाने भरून निघत असले पाहिजे. गळतीचा आकडा माहीत होता. त्यावरून हॉल्डेन यांनी भरतीचा आकडा काढला आणि तो सुमारे पन्नास हजारांत एक असा आला. माणसातील उत्परिवर्तनाचा वेग मोजण्याचे हे अगदी आरंभीचे यश होय. रोगजनुकाचे रेणू कोणी पाहिलेही नव्हते, त्या काळी केवळ जन्ममृत्यूच्या नोंदी आणि कागद-पेन्सिल यांवर हे साधले.

त्याच सुमारास जर्मनीत वंशशुद्धीच्या नावाखाली रोगी माणसांची सक्तीने नसबंदी चालू होती आणि इतर देशांतही अशा कायद्यांचे गोडवे गायले जात होते. हॉल्डेन यांनी १९३८ साली ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ हा ग्रंथ लिहून या विचाराचा पोकळपणा उघडा केला. हे गणित आपणही मांडून पाहू शकतो. एखादा आनुवंशिक रोग दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आल्यावरच होतो आणि दहा हजारांत एकाला होतो असे धरू. मग त्या जनुकाचे प्रमाण शंभरात एक येते आणि शंभरांतली जवळजवळ दोन निरोगी माणसे ते जनुक नकळत वाहत असतात. रोग्यांना संतती होऊच दिली नाही तरी जनुकाचे प्रमाण निम्मे व्हायला शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतात. क्रौर्य आज आणि फळ अडीच हजार वर्षांनी, असा हा व्यवहार. शुद्ध वंश नावाची वस्तूच नाही. सदोष जनुके आपणा सर्वांच्याच पदरी थोडीथोडी आहेत, हा बोध या गणितातून मिळतो.

त्यांच्या कल्पनांपैकी आपल्या देशाला सर्वांत जवळची कल्पना १९४९ सालची. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांत थॅलॅसेमिया हा रक्ताचा रोग बराच आढळतो. इतका घातक रोग इतक्या प्रमाणात टिकला कसा? हॉल्डेन यांनी तर्क केला की, दोन सदोष जनुके असलेले मूल दगावते हे खरे, पण एकच जनुक असलेल्या माणसाला हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. जेथे हिवताप तेथे हे जनुक उपकारक, म्हणून ते टिकले. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हेच घडते असे दाखवून दिले. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. पुढे मध्य भारतात तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आहेत. या रोगाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

या रोगांविषयी घरोघरी जी लपवाछपवी चालते तिच्यावर हॉल्डेन यांच्या विचाराचा प्रकाश पडतो. सिकलसेलचे किंवा थॅलॅसेमियाचे एक जनुक अंगी असणे हा कुळाला लागलेला कलंक नव्हे. आपले पूर्वज हिवतापाच्या मुलखात तगून राहिले याची ती खूण आहे. तो मुलूख सोडून माणसे शहरात आली, हिवतापाचे भय ओसरले, तरी जनुक मागे राहिले नाही. ते गाठोड्यातून बरोबर आले. वधू आणि वर दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. पत्रिका पाहण्याइतक्याच सहजतेने रक्ताची तपासणी झाली तर हे दुःख टळण्याजोगे आहे.

हॉल्डेन हे नुसते गणिती नव्हते. १९३९ साली ‘थेटिस’ ही पाणबुडी बुडून नव्व्याण्णव माणसे गुदमरली तेव्हा कारण शोधण्यासाठी ते स्वतः दाबाच्या बंद कोठडीत बसले. वर्तमानपत्रांतून सामान्य कामगारांना समजेल अशा भाषेत त्यांनी विज्ञानावर शेकडो लेख लिहिले. त्यांचे राजकारण कम्युनिस्ट होते आणि त्यात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. रशियात लिसेंको या सत्ताप्रिय कृषितज्ज्ञाने मेंडेल यांचे शास्त्रच खोटे ठरवले. थोर आनुवंशिकीतज्ज्ञ वाव्हिलोव्ह यांचा १९४३ साली तुरुंगात अंत झाला. हे सारे दिसत असताना, पक्षनिष्ठेपायी, हॉल्डेन यांनी लिसेंकोचा उघड निषेध करण्याचे बरीच वर्षे टाळले. पुढे ते पक्षापासून दूर झाले. परंतु सत्यासाठी देह पणाला लावणारा माणूस या एका प्रसंगी कचरला, ही नोंद त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

१९५७ साली प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुवेझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे कारण त्यांनी जाहीरपणे दिले. भारताची जुनी ओढही होतीच. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे आपले नियतकालिकही त्यांनी बरोबर आणले. त्याच वर्षी त्यांचा एक गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. एक जनुक जाऊन त्याच्या जागी दुसरे समूहभर रुजायचे तर निवडीची किंमत मृत्यूंच्या रूपाने मोजावी लागते, आणि म्हणून त्याला सरासरीने सुमारे तीनशे पिढ्या लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तीनशे पिढ्या म्हणजे माणसाच्या बाबतीत सात-साडेसात हजार वर्षे!

भारतीय तरुणांना त्यांनी एक गोष्ट आवर्जून शिकवली. ती म्हणजे, संशोधनासाठी परदेशी यंत्रांची वाट पाहत बसू नये. डोळे, वही आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. त्यांचे एक सहकारी नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे हे मोजत, तर दुसरे फुलांच्या पाकळ्या मोजत. कृष्ण द्रोणमराजू यांनी आंध्रातील नात्यातल्या विवाहांची पाहणी केली. सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्याबरोबर टिटवीच्या घरट्यावर पाळत ठेवली आणि तो अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६५ साली प्रसिद्ध झाला. जयकर आणि हॉल्डेन यांचा १९६३ चा संयुक्त निबंध तर या शास्त्रात आजही स्मरला जातो. एका वर्षी एक प्रकार तगतो, दुसऱ्या वर्षी दुसरा. ऋतुमान असे पालटत राहिले तर दोन्ही प्रकार समूहात टिकून राहू शकतात, असे त्यांनी दाखवले. दुष्काळ आणि सुकाळ यांच्या फेऱ्यात जगणाऱ्या देशात हा विचार सुचावा हे स्वाभाविकच.

नात्यातील विवाहांचा प्रश्न आपल्याकडचाही आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातील अनेक जातींत चालते. वर घेतलेल्या उदाहरणातला रोग परक्या जोडप्याच्या मुलांत दहा हजारांत एकाला होतो. आते-मामे भावंडांच्या मुलांत त्याचे प्रमाण सातपटीने वाढते. पोटजातीतच सोयरीक करणाऱ्या लहान समूहांतही, नाते आठवत नसले तरी, दूरची रक्ताची नाती असतातच. म्हणूनच अशा समूहांत विरळ गुण एकत्र येतात. डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना १९५२ साली मुंबईत जो अतिविरळ रक्तगट सापडला, आणि जो आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो, तो दोन्ही बाजूंनी तेच विरळ जनुक आल्यावरच प्रकट होतो.

१९६१ साली कारभारविषयक मतभेदांमुळे हॉल्डेन सांख्यिकी संस्थेतून बाहेर पडले. १९६२ साली मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या सहकार्याने त्यांनी भुवनेश्वरला आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली. पण दैवाने तेथे त्यांना फार दिवस दिले नाहीत. कर्करोगाचे निदान झाले, लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहून छापवली. लोकांनी लाज न बाळगता वेळेवर वैद्याकडे जावे, हा तिच्यामागचा हेतू होता. ते भुवनेश्वरला परतले आणि तेथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली, म्हणजे सरासरी दोन पिढ्या लोटल्या. हॉल्डेन यांच्या हिशेबात दोन पिढ्या म्हणजे काहीच नव्हे. ज्या पालटाला तीनशे पिढ्या लागतात तेथे दोन पिढ्यांत रक्ताचे काय बिघडणार? तेव्हा मुलाने किंवा मुलीने इथल्या स्थानिक घराण्यात सोयरीक केली म्हणून कुळाचे काही गमावले असे मानायला शास्त्राचा आधार नाही. दडून बसलेल्या रोगांच्या दृष्टीने तर तो लाभच आहे. पण मातृभाषेचे गणित वेगळे. जनुक आपोआप पुढे जाते. ते दोन-चार पिढ्या दडून बसले तरी पुन्हा प्रकट होऊ शकते. भाषेला अशी दडून बसण्याची जागा नाही. एका पिढीने ती मुलांच्या कानावर घातली नाही तर पुढच्या पिढीत ती आपोआप उगवत नाही. रक्ताची चिंता निसर्गावर सोपवता येईल. भाषेची चिंता मात्र आपल्यालाच वाहायची आहे, आणि अशी मंडळे त्यासाठीच आहेत.